एकच सर्व्हर, पाच जण: व्हर्च्युअल डेस्कटॉपला लायसन्स नेमके किती लागतात?

फेब्रुवारीतली सकाळ. खामगावजवळ आमच्या काकांचं जिनिंग आहे. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या आणि काकांचा फोन: "काऊन रे, कोनाचंच लॉगिन होऊन नाही राह्यलं!"

चूक माझीच होती. दसऱ्याच्या सुट्टीत मीच तिथे सर्व्हर बसवला होता. जुने चार कॉम्प्युटर टाकून न देता त्यांवरूनच सर्व्हरवर लॉगिन करायचं, टॅली आणि काट्याच्या पावत्या एकाच ठिकाणी ठेवायच्या, असा बेत होता. सगळं मस्त चाललं. फक्त लायसन्सचं काम "नंतर बघू" म्हणून राहिलं. विंडोज सर्व्हर त्यासाठी 120 दिवसांची मुदत देतो. ती संपली आणि ऐन हंगामात दार बंद झालं.

तुमच्या घरचं दुकान असेल, कृषी केंद्र असेल किंवा मित्राच्या ऑफिसात तुम्हीच "कॉम्प्युटरवाले" असाल, तर हे नीट समजून घ्या.

आधी, व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे काय?

समोरच्या मशीनवर फक्त चित्र दिसतं, खरं काम लांबच्या सर्व्हरवर चालतं. तुमच्या मोबाईलवरूनही ऑफिसचं विंडोज असं उघडता येतं. याचे दोन मुख्य प्रकार आहेत:

1. एकाच विंडोज सर्व्हरवर अनेक जण आपापलं लॉगिन करतात. याला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस म्हणतात. काकांकडे हेच होतं.
2. सर्व्हरवर प्रत्येकासाठी वेगळं विंडोज 10 किंवा 11 चालवतात. याला व्हीडीआय म्हणतात.

दोन्ही दिसायला सारखे, पण लायसन्सचे नियम पूर्ण वेगळे. लोक इथेच गडबडतात.

पहिला प्रकार: तीन लायसन्स लागतात

पहिलं सर्व्हरचं. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड प्रोसेसरच्या कोअरप्रमाणे विकला जातो. कोअर कमी असले तरी एका सर्व्हरला किमान 16 कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची परवानगी मिळते.

दुसरं म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकासाठी 'कॅल', म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स.

तिसरं 'आरडीएस कॅल', म्हणजे त्या सर्व्हरवर डेस्कटॉप उघडून काम करायचा परवाना. मार्केट यार्डात कोणीही फिरू शकतो, पण लिलावात माल घ्यायला वेगळा परवाना लागतो ना? तसंच. फरक इतकाच की इथे नुसतं आत यायलाही कॅल लागतो. म्हणजे दोन्ही घ्यायचे, एकावर भागत नाही.

आणखी एक, आरडीएस कॅलची आवृत्ती सर्व्हरच्या बरोबरीची किंवा नवीन हवी. सर्व्हर 2022 असेल आणि स्वस्तात मिळाले म्हणून 2019 चे कॅल आणले, तर पैसे पाण्यात.

माणसावर की मशीनवर?

कॅल दोन तऱ्हेचे असतात. युजर कॅल एसटीच्या पाससारखा. पास माणसाच्या नावावर, तो कुठल्याही गाडीत बसो. डिव्हाइस कॅल म्हणजे वजनकाट्याचा सरकारी शिक्का. शिक्का काट्यावर असतो, माप कोणीही करो.

काकांच्या ऑफिसात तीन मुनीम, काका आणि चुलतभाऊ असे पाच जण. मशीन मात्र सहा: ऑफिसचे चार कॉम्प्युटर, भावाचा लॅपटॉप आणि काकांचा मोबाईल. हो, रात्री काका मोबाईलवर स्टॉक बघतात, तर तो मोबाईलही मोजायचा! म्हणून आम्हाला युजर कॅल परवडले. याउलट दोन पाळ्यांत सहा जण तीनच मशीनवर बसत असतील, तर तीन डिव्हाइस कॅल पुरतात.

पण युजर कॅलसाठी डोमेन, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी हवी. ती नसताना नव्या सर्व्हरवर युजर कॅल लावले, तर दर तासाला लॉगिन तुटतं. आम्ही स्टँडर्डच्या दोन व्हर्च्युअल मशीनपैकी एकावर डोमेन ठेवलं, दुसऱ्यावर मुनीम मंडळी.

दुसरा प्रकार: व्हीडीआय

"प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर विंडोज 11 प्रो आलंय, तेच सर्व्हरवर चालवू" हे चालत नाही. मशीनबरोबर आलेलं लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असतं. सर्व्हरवरचं विंडोज 11 वापरायला व्हीडीए किंवा विंडोज एंटरप्राइज ई3 सारखं वेगळं लायसन्स लागतं.

मग आपल्याच ऑफिसच्या प्रो कॉम्प्युटरवर घरून रिमोट डेस्कटॉप चालवायचं? ते चालतं, पण एका वेळी एकच जण. ही मर्यादा तोडणारे 'पॅच' यूट्यूबवर ढीगभर आहेत. ते लायसन्सच्या अटी मोडतात, शिवाय विंडोज अपडेट आलं की बंद पडतात.

ऑफिस आणि टॅली वेगळे

डेस्कटॉपचं लायसन्स झालं म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचं झालं असं नाही. अशा सर्व्हरवर मायक्रोसॉफ्ट 365 चं वर्ड-एक्सेल चालवायला 'शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन' असलेला प्लॅन हवा. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. घरगुती फॅमिली प्लॅन धंद्यासाठी नसतोच. टॅलीप्राइमचं सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी, अनेकांसाठी गोल्ड.

"आपल्याला कोण विचारतं?"

त्या सकाळी एका ओळखीच्या दुकानदाराने सुचवलं, "मुदत रिसेट करून देतो, पाच मिनिटांचं काम." मोह झाला होता. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब वाचा. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. जिनिंग म्हणजे धंदाच!

शिवाय असे पॅच ॲडमिनचे अधिकार मागतात. ज्या मशीनवर शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर आहेत, तिथे अनोळखी फाइलला ते देणार का?

चारपाचशे रुपयांच्या 'की'चंही तेच. 'ॲक्टिव्हेटेड' दिसलं म्हणजे लायसन्स आलं असं नाही. बिल असेल, तरच पुरावा आहे.

फुकटातला सरळ रस्ता?

आहे. उबंटू किंवा डेबियन लिनक्सवर एक्सआरडीपी टाकून अनेक जण काम करू शकतात, माणशी लायसन्स लागत नाही. सोबत लिब्रेऑफिस. पण टॅली विंडोजसाठी बनलंय, त्यामुळे टॅलीवर अडलेल्यांनी आधी विचार करा.

बसवण्याआधी हे लिहून काढा

- माणसं किती, मशीन किती (मोबाईल धरून)?
- सर्व्हरवर सगळे एकत्र की प्रत्येकाला वेगळं विंडोज?
- आत कोणती सॉफ्टवेअर चालणार, आणि त्यांची अट काय?
- 120 वा दिवस कोणत्या तारखेला येतो?

आम्हाला कॅल हातात यायला दोन दिवस लागले. तोवर मुनीमकाकांनी पावत्या हाताने लिहिल्या, आणि मग मी रविवारी बसून त्या सगळ्या टाइप केल्या. तुमच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख आजच टाका.