बांधावरचा वाळा

उन्हाळ्यात माठात टाकतो ती वाळ्याची जुडी म्हणजे एका गवताच्या मुळ्या. हे गवत उपटायला गेलात तर हात सोलून निघतील, पण ठोंब हलणार नाही. मुळ्या आडव्या न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन-चार मीटरपर्यंत. त्यामुळे शेजारच्या पिकाच्या तोंडचं पाणी वाळा फारसा पळवत नाही.

उतारावर समतल रेषेत, वीतभरापेक्षा कमी अंतरावर ठोंब लावले की दोन-तीन पावसाळ्यांत दाट कुंपण होतं. पाणी त्यातून गाळून, हळू जातं. माती मागे साठते आणि बांध आपोआप उंचावतो. मातीत बुडालेला वाळा नव्या पेरांतून पुन्हा मुळं सोडतो. दगडी बांधाला हे कसं जमणार?

कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी बांधावर वाळा पिढ्यानपिढ्या राखला. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या ग्रिमशॉ आणि ग्रीनफिल्ड यांनी तो देशोदेशी नेला. लागवडीच्या जातींना रुजणारं बी धरत नाही, म्हणून तण होऊन माजण्याची भीती नाही.

पहिल्या पावसाळ्यात मात्र तुटाळ्या भरायलाच हव्यात. एका खिंडारातून सगळा लोंढा घुसतो. आणि सुगंधी मुळ्यांसाठी बांधावरचा वाळा कधीही खणू नये. त्यासाठी वेगळा वाफा करावा.