इंग्लंडमधील बेघर युवक आणि मानसिक आरोग्य व सामाजिक सेवा

इंग्लंडमधील बेघर युवक या संज्ञेत साधारणतः १६ ते २५ वर्षे वयाचे, राहण्यास सुरक्षित व स्थिर जागा नसलेले तरुण येतात. त्यांपैकी रस्त्यावर झोपणारे थोडेच असतात. बहुतेक जण ओळखीच्यांच्या घरी सोफ्यावर, वसतिगृहात किंवा तात्पुरत्या खोलीत दिवस काढतात, त्यामुळे रस्त्यावरील बेघरांच्या शिरगणतीत त्यांची नोंद सहसा होत नाही. घरातील कलह, हिंसा व मानसिक आजार हे प्रश्न त्यांच्या बाबतीत एकमेकांत गुंतलेले असतात. मात्र निवारा, संगोपन आणि उपचार यांची जबाबदारी वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहे.

पार्श्वभूमी

लंडनच्या सोहो भागात केनेथ लीच या धर्मगुरूंनी डिसेंबर १९६९ मध्ये तरुणांसाठी रात्रनिवारा सुरू केला. त्यातूनच ‘सेंटरपॉइंट’ ही संस्था उभी राहिली. बेघरांना घर देण्याचे कर्तव्य १९७७ च्या कायद्याने स्थानिक काउन्सिलांवर आले, परंतु १६ व १७ वर्षांच्या सर्व बेघरांना प्राधान्यगटात स्थान मिळण्यास २००२ साल उजाडले.

साउथवर्क निकाल

१९८९ च्या बालक कायद्यातील कलम २० नुसार निवाऱ्याची गरज असलेल्या मुलाला सामाजिक सेवा विभागाने आपल्या संगोपनात घ्यावे लागते. प्रत्यक्षात अनेक काउन्सिले १६-१७ वर्षांच्या मुलांना बेघरांच्या गृहनिर्माण कक्षाकडे पाठवीत. त्यामुळे खोली मिळे. पण समाजसेवक, शिक्षणासाठी मदत व पुढील आधार मिळत नसे. आईने घराबाहेर काढलेल्या, ‘जी’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या १७ वर्षांच्या तरुणाने साउथवर्क काउन्सिलविरुद्ध दाद मागितली. २० मे २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला: कलम २० च्या अटी पूर्ण होत असतील, तर ती जबाबदारी दुसऱ्या विभागावर ढकलता येत नाही.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. वयाच्या १४ व्या वर्षानंतर एकूण किमान १३ आठवडे संगोपनात राहिलेल्या आणि त्यांतील काही काळ १६ वर्षे पूर्ण झाल्यानंतरचा असलेल्या तरुणास पुढील वर्षांत व्यक्तिगत सल्लागार व अन्य साहाय्य मिळण्याचा हक्क असतो. तरीही ‘सरकारी संगोपन’ या शब्दांचाच धसका घेतलेली मुले ते नाकारतात. २०१० च्या शासकीय मार्गदर्शनानुसार, असा नकार स्वीकारण्यापूर्वी त्याचे परिणाम मुलाला नीट समजावून सांगणे आवश्यक आहे.

उपचार मिळवताना

बाल व किशोर मानसिक आरोग्य सेवा बहुतेक ठिकाणी १८ व्या वर्षी संपते. प्रौढांच्या सेवेचे निकष अधिक कडक असल्याने किशोरवयात उपचार घेणाऱ्या अनेकांना त्यानंतर जागा मिळत नाही. सल्लागार बदलतो, आणि घरी काय घडले ते पुन्हा पहिल्यापासून नव्या व्यक्तीला सांगावे लागते. तरुणांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांत ही तक्रार वारंवार आढळते. भेटीची वेळ टपालाने कळवली जाते आणि पत्ता तर दर आठवड्याला बदलतो. दोन भेटी चुकल्या की नाव यादीतून कमी होऊ शकते. व्यसन असल्यास पेच आणखी वाढतो: मानसोपचार विभाग आधी व्यसन सोडण्यास सांगतो, तर व्यसनमुक्ती केंद्र आधी मनाच्या आजाराकडे बोट दाखवते.

१८ वर्षे पूर्ण झालेल्या व संगोपनाची पार्श्वभूमी नसलेल्या तरुणास केवळ वयामुळे प्राधान्य मिळत नाही. मानसिक आजाराच्या आधारे ते हवे असेल, तर बेघर झाल्यास आपण सामान्य माणसापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असुरक्षित ठरू, हे दिसून यावे लागते. त्यासाठी डॉक्टरांचे पत्र उपयोगी पडते. डॉक्टरांकडे नाव नोंदवताना मात्र काही दवाखाने पत्त्याचा पुरावा मागतात. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नियमांनुसार असा पुरावा आवश्यक नाही.

नंतरचे बदल

बेघरपणा घटविण्यासंबंधीचा २०१७ चा कायदा एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग, सामाजिक सेवा आदींवर बेघर व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने गृहनिर्माण विभागाला कळवण्याचे बंधन आले. फॅमिली डॉक्टर मात्र त्यातून वगळले गेले. संगोपनातून बाहेर पडलेल्यांसाठी व्यक्तिगत सल्लागाराची मुदत २०१७ च्या दुसऱ्या एका कायद्याने २५ वर्षांपर्यंत वाढली. सतराव्या वर्षी गृहनिर्माण कक्षातून खोली मिळालेल्या आणि कधीही संगोपनात नसलेल्या तरुणास ही तरतूद लागू होत नाही.