खाते उणे कशाने झाले?

बरेच दिवस न वापरलेल्या बचत खात्यात पैसे भरावेत आणि पासबुकात शिल्लक कमीच दिसावी, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. पासबुक वाचून दाखविण्याचे काम बहुधा शाळेतील गुरुजींकडेच येते; त्यांनी उणे रकमेचे कारण प्रथम पाहावे.

किमान शिल्लक न राखल्याचा दंड असेल, तर रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून व्यापारी बँकांना लागू केलेला नियम स्पष्ट आहे. बँकेने खातेदारास आधी कळवावे, शिल्लक भरण्यास किमान एक महिन्याची मुदत द्यावी, दंड तुटीच्या प्रमाणात आकारावा. आणि केवळ दंडापायी खाते उणे होता कामा नये. मात्र बदललेला पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बँकेस कळविणे हे खातेदाराचे काम. सूचना जुन्या क्रमांकावर गेली, तर सारा दोष बँकेच्या माथी मारता येत नाही.

जनधन खात्यास किमान शिल्लकेची अट नाही. तेथे वाद होतो तो ओव्हरड्राफ्टचा. पात्र खातेदारास १०,००० रुपयांपर्यंत ही सवलत मिळू शकते. "सरकारनेच दिले, ते परत कसले?" असे म्हणणारे भेटतात. परंतु ते अनुदान नव्हे, कर्ज आहे. त्यावर व्याज चढते.

आकारणी चुकीची वाटल्यास शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.