पिशवी कोणाच्या खांद्यावर, चषक कोणाच्या हाती?

गोल्फचा आणि इस्लामपूरचा संबंध काय, असे आमचे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. वाळवा तालुका कुस्ती-कबड्डीचा. गोल्फ म्हणजे साहेबांचा आणि उद्योगपतींचा खेळ, अशीच आमचीही समजूत होती. परंतु इंडियन ओपन या देशातील मानाच्या गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची यादी आम्ही वाचली आणि तिच्यात आम्हाला आपलीच माणसे दिसली. त्यांच्या जातीचा दाखला आम्ही मागत नाही. आपली म्हणजे श्रमाने आपली, दुसऱ्याचे ओझे वाहणारी.

ही स्पर्धा 1964 साली सुरू झाली. 1965 मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली. त्यानंतर तब्बल 26 वर्षे एकाही भारतीयाला हा चषक मिळाला नाही. तो 1991 साली मिळवला अली शेर यांनी. कोण हे अली शेर? दिल्लीच्या गोल्फ क्लबातील कॅडी. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चालणारा मजूर. 1993 साली अली शेर यांनी पुन्हा जिंकून दाखवले. 2009 चे विजेते सी. मुनियप्पा हेही बंगळूरचे पूर्वीचे कॅडी. 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे जिंकणारे एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळीची निगा राखत. मुलगा तेथेच खेळ शिकला.

वारा कोठून वाहतो, जमीन कोठे उतरते, चेंडू किती लांब मारायचा, हे कॅडीला ठाऊक असते. खेळाडू त्यालाच विचारतो आणि मग फटका मारतो. ज्ञान एकाचे, नाव दुसऱ्याचे! आपल्या समाजाला ही रीत नवीन आहे काय?

ही रीत फक्त आपल्याच देशातली नाही. अमेरिकेतील ऑगस्टा येथे 1934 पासून मास्टर्स ही जगप्रसिद्ध स्पर्धा भरते. विजेत्याला तेथे हिरवा कोट देतात. 1982 पर्यंत तेथे खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते कॅडी काळे असत. खेळाडू मात्र गोरे! ली एल्डर हा पहिला काळा खेळाडू तेथे खेळला तो 1975 साली, म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यानंतर 41 वर्षांनी. क्लबाने पहिला काळा सभासद घेतला 1990 साली. आणि 1997 मध्ये 21 वर्षांच्या टायगर वूड्सने ती स्पर्धा 12 फटक्यांच्या फरकाने जिंकली. ते पाहायला ली एल्डर हजर होते. दार उघडायला चार दशके लागली. गुणवत्ता सिद्ध करायला चार दिवस पुरले.

आपल्या महाराष्ट्रात हे त्याच्याही आधी घडले होते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्रिकेट क्लबात ते खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्यांची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या संघाला ते हवेसे झाले. पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत आणि बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! चेंडूचा विटाळ नाही, कपाचा विटाळ! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण अन्याय तो अन्यायच.

आरक्षणाचा विषय निघाला की प्रस्थापितांना गुणवत्तेचा उमाळा येतो. त्यांनी ही यादी एकदा वाचावी. गुणवत्ता पिशवी वाहणाऱ्या खांद्यातही असते. तिला काठी धरायची संधी लागते. अली शेर यांना ती मिळाली म्हणून देशाला विजेता मिळाला. त्यांच्या बरोबरीचे किती कॅडी आयुष्यभर पिशवीच वाहत राहिले, त्यांची यादी कोणी ठेवली आहे काय?

इस्लामपूरपासून जवळच, याच वाळवा तालुक्यातले वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव. शाळेने ज्याला ठेवून घेतले नाही, तो माणूस मुंबईत अंगमेहनत करीत महान साहित्यिक झाला. त्याच मातीत दरवर्षी गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोप्या उभ्या राहतात. त्या खोप्यांतल्या पोरांच्या डोक्यावर मोळी असते, पायांत वेग असतो, पण मैदान नसते. तालुक्यातालुक्यात क्रीडा संकुले मंजूर होतात. वस्तीतली किती मुले त्यांच्या दारातून आत जातात, हे आपल्या कार्यकर्त्यांनी मोजले पाहिजे.

महाडचा सत्याग्रह केवळ घोटभर पाण्यासाठी नव्हता. सार्वजनिक ठिकाणी माणूस म्हणून उभे राहण्याच्या हक्कासाठी तो होता. सार्वजनिक मैदान हेही चवदार तळेच आहे. इस्लामपूरच्या समाजबांधवांनी जयंतीच्या वर्गणीतून यंदा थोडे पैसे बाजूला काढून वस्तीतल्या पोरांना बूट, चेंडू आणि एक चांगला शिक्षक द्यावा, आणि मैदानाचा हक्क नगरपालिकेकडे लेखी मागावा. आमच्या पोरांनी दुसऱ्यांच्या पिशव्या पुष्कळ वाहिल्या. आता त्यांच्या हाती काठी येऊ द्या.

जय भीम!