आवाजाचा रतीब

माझी आई राजापूरजवळच्या गावी राहते. वय ब्याऐंशी. आयुष्यभर वाचत आली. गावच्या वाचनालयातली पुस्तकं संपली तेव्हा तिनं ती पुन्हा पहिल्यापासून काढली. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागला. समोरचा माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा दिसत नाही. पान दिसतं, अक्षर दिसत नाही. 'आता वाचन विसरा,' असं डॉक्टरांनी सांगितलं आणि परतीच्या गाडीत ती राजापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

ऐकायला कान उत्तम आहेत. तेव्हा तिच्यापर्यंत दररोज काहीतरी नवं ऐकायला पोचवायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, हातात मोबाइल द्या. दिला होता. पण काचेवर कुठं बोट टेकवायचं हे दिसल्याशिवाय कळत नाही आणि चुकून भलतीकडेच टेकलं की परत कसं यायचं हेही दिसत नाही. दोन दिवसांत तिनं तो कपाटात ठेवून दिला. तिला चालवता येतो तो पेन ड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर. त्याला चार बटणं आहेत, ती बोटांना कळतात. प्रश्न उरला तो पेन ड्राइव्ह रोज भरायचा कुणी. मी पुण्यात. शेजारच्या वहिनी सकाळी दूध घालायला येतात, त्या तो इकडून काढून तिकडे लावतील, पण त्यांना कॉम्प्युटरवर काही करायला सांगणं बरं नव्हे. म्हणजे जे करायचं ते कॉम्प्युटरनंच, रात्री, कुणी न सांगता करायला हवं.

घरात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. नवं विंडोज त्याला झेपेना. मी त्यावर लिनक्स घातलं. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्डस् या विद्यार्थ्यानं १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली. फुकट मिळते, कुणीही वापरावी आणि जुन्या यंत्रावरही ती कुरकुर करत नाही. तिचे प्रकार अनेक. मी डेबियन घेतलं. तुमचं यंत्र फारच जुनं असेल तर आधी ते ६४ बिटचं आहे का ते पाहा, कारण ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३नं जुन्या ३२ बिटच्या यंत्रांसाठीचा नेहमीचा आधार बंद केला आहे.

आता रतीब कसा लागतो ते सांगतो. पॉडकास्ट हा शब्द आपण ऐकतो. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांच्या जोडणीतून तो झाला आणि फेब्रुवारी २००४मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकारानं लंडनच्या 'गार्डियन'मध्ये तो पहिल्यांदा छापला. पण त्यामागची युक्ती आधीची आहे. वेबसाइटवर नवं काय आलं याची यादी एका ठरावीक साच्यात ठेवायची, ही आरएसएस नावाची पद्धत १९९९ साली नेटस्केप कंपनीत निघाली. डेव्ह वायनर या अमेरिकन प्रोग्रॅमरनं डिसेंबर २०००मध्ये त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीला आवाजाची फाइल जोडायची सोय केली. झालं! कार्यक्रम करणाऱ्यानं नवा भाग तयार झाला की यादीच्या डोक्यावर एक नोंद वाढवायची. ऐकणाऱ्याच्या यंत्रानं रोज यादी पाहायची आणि नवं दिसलं तर उचलून आणायचं. मधे ना जाहिरातींचं पान, ना कुणाचं ॲप.

हे उचलून आणायचं काम करणारे प्रोग्रॅम लिनक्सवर बरेच आहेत. माणूस समोर बसून वापरणार असेल तर जीपॉडर चांगला. त्यात खिडक्या आहेत, चित्रं आहेत. मला माणूस नकोच होता. म्हणून मी पॉडगेट घेतला. तो डेबियनच्या भांडारात आहे, एका आज्ञेत येतो. त्याला चेहरा असा नाहीच. दोन साध्या मजकुराच्या फाइली असतात. एकीत यादी : दर ओळीला एक पत्ता, मग वर्ग, मग नाव. मी वर्ग केले ते 'कथा', 'इतिहास', 'गाणं' आणि 'शेती' असे. शेती आईच्या आग्रहावरून. दुसऱ्या फाइलीत नियम : कुठं साठवायचं, किती दिवसांनी जुनं पुसायचं, डिस्कवर किती जागा उरली की थांबायचं. आणलेल्या प्रत्येक भागाची नोंद तो एका वहीत करतो. पुढच्या वेळी आधी वही पाहतो, म्हणून तोच भाग दोनदा येत नाही.

एक इशारा देतो, मला तो कुणी दिला नव्हता. नव्या कार्यक्रमाचा पत्ता घातला की पहिल्या फेरीत यादीतले सगळे जुने भाग यायला लागतात. अर्ध्या तासाचा भाग नेहमीच्या दर्जाचा असेल तर सुमारे २९ एमबीचा असतो. पाच वर्षं दर आठवड्याला चाललेला एक कार्यक्रम म्हणजे अडीचशेहून अधिक भाग, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह एवढ्यातच भरला! 'अलीकडचे दोनच आण' असं पॉडगेटला सांगता येतं. पहिल्या दिवशी तेवढं सांगा.

वेळ सांभाळणारा नोकर लिनक्सच्या घरात आधीपासूनच असतो, त्याचं नाव क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडलं. युनिक्सच्या १९७९च्या आवृत्तीतही तो होता. त्याला एक ओळ लिहून द्यायची : आधी पाच रकाने, मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार, पुढे काम. ज्या रकान्याशी आपल्याला कर्तव्य नाही तिथं फुली. मी अडीच वाजता म्हणून तासाच्या जागी दोन लिहिले आणि घाईत मिनिटाच्या जागी फुली मारली. क्रॉननं त्याचा अर्थ 'दोन ते तीनमधलं प्रत्येक मिनिट' असा घेतला आणि साठ वेळा काम सुरू केलं. त्याची चूक नव्हती.

यंत्र दिवसभर चालू ठेवलं तर साठ वॉटच्या हिशेबानं रोज जवळपास दीड युनिट वीज जाते. म्हणून मी त्याच्या मूळ सेटिंगमध्ये गजर लावला. रात्री सव्वादोनला ते आपलं आपण जागं होतं, अडीचला काम करतं आणि संपलं की झोपतं. हा गजर यंत्राच्या आतल्या घड्याळावर चालतो, आणि ते घड्याळ एका बटणासारख्या सेलवर. जुन्या यंत्रातला सेल संपलेला असतोच. मग वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख चुकली की वेबसाइटची ओळखपत्रंही यंत्राला खोटी वाटतात आणि ते काही आणायलाच नकार देतं. हे शोधायला मला दोन रविवार लागले. तुम्ही सेल आधी बदला.

इथवर सगळं आणण्याचं झालं. चित्रफिती आणायची साधनंही लिनक्सवर आहेत. त्यांतलं यूट्यूब-डीएल हे २००६पासूनचं. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून ते ऑक्टोबर २०२०मध्ये गिटहबवरून काढलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये परत आलं. मालिका-सिनेमे परस्पर शोधून उतरवणारे प्रोग्रॅमही पुष्कळ आहेत. कुणाची वस्तू उचलतोय हे प्रोग्रॅम विचारत नाही, ते आपण स्वतःला विचारायचं असतं. मी ज्यांनी आपणहून यादी दाराबाहेर लावली आहे त्यांचंच आणतो. आईला तेवढंही ऐकून संपत नाही.

आता शेवटची पायरी, पेन ड्राइव्ह. इथंच मी पडलो.

विंडोजमध्ये डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरं असतात. लिनक्समध्ये सगळ्या घराचं झाड एकच. पेन ड्राइव्ह लावला की तो त्या झाडावरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर चढवायचा. त्याला माउंट करणं म्हणतात. चढवला की त्या फोल्डरमध्ये जे टाकाल ते पेन ड्राइव्हवर जातं. मी दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली : पेन ड्राइव्ह चढव, जुनं पूस, नवं टाक, उतरव आणि मला 'सर्व ठीक' अशी ईमेल पाठव. दीड वर्ष उत्तम चाललं. आईची फोनवरची भाषा बदलली. 'आज जेवण झालं का' याऐवजी 'अरे, शिवकालातल्या टांकसाळींवर ऐकलं, तुला माहीत होतं का' असं सुरू व्हायचं.

२०२३च्या गणपतीत आम्ही सगळे घरी गेलो. भाच्यानं जाताना आपला जुना प्रिंटर त्या कॉम्प्युटरला जोडून दिला, वहिनींच्या मुलांना शाळेची कागदपत्रं छापायला उपयोगी पडेल म्हणून. पुण्याला परतलो. रोज सकाळी ईमेल येत होती, 'सर्व ठीक'. अठराव्या दिवशी मी फोनवर सहज विचारलं, "आई, त्या कोकण रेल्वेच्या कार्यक्रमाचा नवा भाग ऐकलास का गं?"

"नाही रे. तेच लागतंय पुन्हा. मला वाटलं, संपले असतील त्यांचे."

"तेच? कधीपासून?"

"गणपती गेल्यापासून."

"मग मला सांगितलं नाहीस?"

"तू तिकडे कामात. आणि दुसऱ्यांदा ऐकलं की जास्त कळतं."

त्या शनिवारी एसटी पकडून गेलो. झालं होतं ते असं. लिनक्स डिस्कांना आल्या क्रमानं नावं देतं. पहिली ए, पुढची बी, त्यापुढची सी. माझ्या आज्ञावलीत 'बी नावाची डिस्क चढव' असं लिहिलेलं होतं, कारण तोवर पेन ड्राइव्ह हाच नेहमी दुसरा असायचा. प्रिंटरला फोटोची कार्डं घालायची खाच होती. यंत्राच्या लेखी तीही एक डिस्कच. ती आधी रांगेत उभी राहिली आणि बी झाली. पेन ड्राइव्ह सी झाला. बी चढवायला गेलं तर खाच रिकामी, चढेना. पण माझी आज्ञावली तिथं थांबली नाही, कारण मी तिला थांब म्हटलंच नव्हतं. फोल्डर तर जागेवर होतंच. तिनं नवे भाग त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्याच पोटात, नीट टाकले आणि मला ठीक असल्याचं कळवलं. दारात भांडं नसताना दूधवाल्यानं उंबऱ्यावर दूध ओतावं आणि वहीत 'एक लिटर दिलं' असं मांडावं, तसं अठरा रात्री चाललं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. पेन ड्राइव्हला फॉरमॅट करताना एक ओळखक्रमांक मिळतो, आठ अक्षर-अंकांचा, मधे आडवी रेघ. तो रांगेवर अवलंबून नसतो. आता आज्ञावली त्या क्रमांकानंच त्याला हाक मारते. दुसरी ओळ : टाकण्याआधी फोल्डरवर खरंच काही चढलंय का हे माउंटपॉइंट नावाच्या आज्ञेला विचार, 'नाही' असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नकोस आणि मला तसं कळव.

पण माझी झोप गेली होती ती दुसऱ्याच गोष्टीनं. उद्या आणखी काही तिसरंच बिघडेल आणि ईमेल पुन्हा 'ठीक'च म्हणेल. खरं काय ते फक्त आईला कळतं, आणि ती सांगणार नाही. मग तिनं स्वतःहून सांगावं असं काय करता येईल?

लिनक्सवर ई-स्पीक नावाचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे, त्याला मराठी येतं. रोज पेन ड्राइव्हवर सर्वांत आधी एक छोटी फाइल टाकायची, त्यात त्या दिवसाचा वार. आधी टाकायची यालाही कारण आहे. असले स्वस्त स्पीकर बऱ्याचदा नावाप्रमाणे नव्हे, तर फाइली ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. पहिल्या सकाळी आईचा फोन आला : "हा कोण रागावून बोलतोय?" ई-स्पीकचा आवाज खरोखरच तसा आहे. मग मी माझ्याच आवाजात सात फाइली भरल्या. 'आई, आज सोमवार. नवं ऐक,' अशा. आणि तिला सांगितलं, की मी चुकीचा वार सांगितला तर मला फोन करायचा, चूक माझी आहे, त्रास तुझा नाही. मुलाची चूक काढायची म्हटल्यावर ती लगेच तयार झाली.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सात वाजता फोन वाजला.

"काय रे, तुझा अजून मंगळवारच चाललाय? इथं बुधवार उजाडला."

रात्रभर गावात वीज नव्हती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)