माहिती चौकट : पॅनेलपासून ऑफिसपर्यंत

ऑटोमेशन सॉफ्टवेअर कारखान्यात पसरतं कसं?

पीएलसी म्हणजे एका यंत्राला हुकूम देणारा संगणक. पहिल्यांपैकी एक, ‘मोडिकॉन ०८४’, १९६९चा, मोटारधंद्याच्या गरजेतून आलेला. डीसीएस सगळी प्रक्रिया सांभाळते; ती १९७५पासूनची. स्काडा माहिती पडद्यावर आणते, एमईएस बॅचचा हिशेब ठेवते, ईआरपी खरेदी-विक्री पाहते. ही शिडी बहुधा खालून चढली जाते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत असतात तसल्या बॅचवर चालणाऱ्या रसायन कारखान्यात एका रिअ‍ॅक्टरला पीएलसी बसतो, ऑपरेटर तासातासाला लॉगबुकात लिहायचा ते तापमान आपोआप नोंदलं जातं, आणि मग शेजारच्या रिअ‍ॅक्टरवाल्यालाही तेच हवं असतं.

यावर आक्षेप असा, की मोठ्या प्रकल्पात सगळं एकदमच येतं. रास्त आहे. फिनोलेक्सचा रत्नागिरीजवळचा पीव्हीसी कारखाना (१९९४) घ्या, नाहीतर जयगडचं १,२०० मेगावॉटचं वीजकेंद्र. पीव्हीसीसाठी लागणारा व्हीसीएमसारखा (व्हिनाइल क्लोराइड) ज्वलनशील वायू किंवा ३०० मेगावॉटचा एकेक संच नुसत्या हातानं हाकता येत नाही. नियंत्रण कक्ष पहिल्या दिवसापासून लागतो. अशा ठिकाणी वाढ होते ती वरच्या पायऱ्यांवर : देखभाल, ऊर्जेचा हिशेब, गुणवत्तेच्या नोंदी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पण लायसन्सपेक्षा जास्त अडतं ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलतं करण्यात. त्यासाठीच १९९६ला ओपीसी हे सामाईक मानक आलं आणि २००८ला ओपीसी यूए, जे विंडोजला बांधलेलं नाही.