बाविसावा आठवडा

मार्गशीर्षातला गुरुवार. फोनवरून रिक्षाचे पैसे द्यायला धाकटीने हातमोजा काढला, तेवढी थंडी पुरली. दवाखान्याचा जिना चढून टेकतोय तोवर तिचं मधलं बोट पांढरं पडलंय. रक्त कुठवर पोहोचतंय आणि कुठून मागे फिरतंय, ते बोटावर रेघ मारून दाखवता येईल इतकं स्वच्छ. मी तिचा हात माझ्या तळव्यांत धरते. हळूहळू पांढऱ्याचं निळं होतं, मग लाल, आणि लाल होताना बोट ठणकतं. ती ओठ दाबून बसते. "झालं ताई, उतरलं," म्हणते आणि बाटलीतलं पाणी घोटभर घेते. तिचं तोंडही सारखं कोरडं पडतं.

ही माझी धाकटी जाऊ. तिला ल्युपस आहे. शरीराचं रक्षण करायचं ज्या यंत्रणेने, तीच शरीरावर उलटते असा हा आजार. सांधे, कातडी, मूत्रपिंड, काहीही त्याच्या तडाख्यात सापडतं. तिला बाविसावा आठवडा चालू आहे आणि आज पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको आहे.

खिडकीतून चांदणी चौकाकडे चढणारी वाहनं दिसतात. पिरंगुटच्या कारखान्यांच्या बस, भूगावकडून येणारे डंपर. इथे बावधनला थांबतात त्या बायका बऱ्याचशा त्याच रस्त्याने येतात. आमच्या समोरच्या बाकावरही मुळशीकडच्या मायलेकी आहेत. लेकीने चपला काढून पाय फरशीवर टेकवलेत, आणि घोट्याभोवती चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटलाय. नर्स येऊन तिचं बीपी पुन्हा घेते, आकडा कागदावर लिहिते, काही न बोलता आत जाते.

"कितवा?" आई मला विचारते.

"सहावा लागलाय. हिला ल्युपस आहे, म्हणून इथे."

बाई पिशवी मांडीवर ओढून घेते. "हिलाबी त्योच. चांगली होती वं गोळ्यांवर. पाळी चुकली तशा आम्हीच बंद केल्या. म्हटलं, इतक्या गोळ्या, बाळाला नको." थोडं थांबते. "कुनी सांगितलं न्हवतं बंद करा म्हनून. आमचं आम्हीच."

लेक मान वर करत नाही.

मला त्या आईचा राग येत नाही. बाळाला नको, हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि आपल्याकडे प्रत्येक घरात म्हटलं जातं. पण या आजारात मोठं नुकसान याच प्रेमाने होतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी आज थांबवली तरी औषध लगेच अंगातून जात नाही. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण चाळीस दिवस लागतात. म्हणजे बाळाचे अवयव घडण्याचे पहिले आठवडे ते औषध अंगात असतंच, आणि पुढे आजार उसळतो तेव्हा आधाराला मात्र काही उरत नाही. ही गोळी गरोदरपणात चालते, चालू ठेवायचीच असते. बाळाला धोका असतो तो आईचा आजार पेटण्याचा.

उलट काही औषधं खरोखरच बाळाला घातक असतात, आणि ती दिवस राहण्याच्या कितीतरी आधी बदलावी लागतात. धाकटीच्या मूत्रपिंडाला सूज होती तेव्हा तिला मायकोफेनोलेट चालू होतं. त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी ते काढून अझाथायोप्रिन सुरू केलं आणि बजावलं, की आजार सलग सहा महिने शांत राहिला पाहिजे, त्याशिवाय दिवस जाऊ द्यायचे नाहीत. त्या काळात घरी कुणी हळदीकुंकवाला आलं की तिच्या पोटाकडे बघून प्रश्न विचारायचं. ती चहा ठेवायला म्हणून आत निघून जायची. नवरा-बायको थांबले. मला त्या दोघांचा त्याबद्दल फार अभिमान आहे. नुसतं थांबणं, पण ते थांबणं हेच उपचार होते.

पुकारा होतो. आम्ही आत जातो.

खोलीत अंधार, पडदा निळसर. डॉक्टर जेल लावतात, धाकटी दचकते, "गार आहे ना, सॉरी" म्हणतात. तिच्या रक्तात अँटी-रो नावाची अँटीबॉडी आहे. आईच्या रक्तातून वारेवाटे बाळाला जसं संरक्षण मिळतं, तशीच हीही साधारण सोळाव्या आठवड्यापासून पलीकडे जाऊ लागते, आणि क्वचित बाळाच्या हृदयातल्या विजेच्या वाटेवर बसते. हृदयाच्या वरच्या कप्प्याने दिलेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. वाट एकदा पूर्ण बंद पडली की ती पुन्हा उघडत नाही. बऱ्याच बाळांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो. अँटी-रो असलेल्या शंभर आयांमध्ये साधारण एक-दोघींच्या बाळाला हे होतं. आधीच्या बाळाला झालेलं असेल तर धोका सोळा-अठरा टक्क्यांवर जातो. अठराव्या ते सव्विसाव्या आठवड्यात सगळ्यात जपावं लागतं, म्हणून ही पाळत. किती दिवसांनी बघायचं यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत. आमच्या डॉक्टरांनी पंधरवडा धरलाय.

बोराएवढं हृदय पडद्यावर उघडझाप करतंय. डॉक्टर त्यावर एक बारीक खूण ठेवतात आणि चित्राखाली लाटा धावू लागतात. आधी छोटा उंचवटा, मग मोठा. छोटा वरच्या कप्प्याचा, मोठा खालच्याचा. दोघांमधलं अंतर, म्हणजे पीआर, मोजायचं. डॉक्टर पडदा गोठवतात, एक रेघ इथे, एक तिथे. बाळ कूस बदलतं, लाटा फिसकटतात. पुन्हा. धाकटी पडद्याकडे बघत नाही, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघते. मी दोघांकडे.

"एकशे बावीस मिलिसेकंद," डॉक्टर सांगतात. "दीडशेच्या आत हवं. छान आहे. ठोके एकशे बेचाळीस."

धाकटी "पुन्हा एकदा मोजाल का?" म्हणते. ते मोजतात. पुन्हा तेवढंच. मला या माणसाबद्दल आदर वाटतो, कारण ते 'एकदा सांगितलं ना' म्हणत नाहीत.

खाली स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे फाइल उघडते तेव्हा खरी किचकट गोष्ट सुरू होते. या आजाराची आणि गरोदरपणाची लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात. थकवा, पाय सुजणं, सांधे धरणं, केस गळणं. यातलं आजाराचं कोणतं, दिवसांचं कोणतं? धाकटीच्या गालावर डाग आलेत. मॅडम तिला उजेडाकडे तोंड करायला सांगतात आणि नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बोटाने ताणून बघतात. ल्युपसची लाली बहुतेक ही घडी सोडून देते. इथे रंग तपकिरी आहे आणि वरच्या ओठावरही आहे. "वांग आहे. गरोदरपणाचं. पण छत्री सोडू नका, उन्हाने आजारही उसळतो."

मग रक्ताचा रिपोर्ट. अंगातली सूज दाखवणारा ईएसआर चढलाय, धाकटी घाबरते. मॅडम सांगतात की तो गरोदरपणात सगळ्यांचाच चढतो, त्यावरून काही ठरवायचं नाही. सी-थ्री, म्हणजे ल्युपस उसळला की रक्तात घटणारं प्रथिन, 'नॉर्मल' आलंय, आणि मॅडम नेमक्या तिथे थांबतात. दिवसांत सी-थ्री एरवी वाढतं. म्हणून छापील मर्यादेच्या काठावर असलेल्या नॉर्मलवर लगेच विसंबायचं नसतं, मागच्या आकड्याशी ताडून बघायचं. मागच्यापेक्षा वाढलंय. लघवीतलं प्रथिन वाढलेलं नाही. बीपी एकशे बारा-बहात्तर. पुढे कधी बीपी आणि प्रथिन दोन्ही चढले, तर ते गरोदरपणातल्या रक्तदाबाचं की मूत्रपिंडातल्या ल्युपसचं, हे ठरवणं मुरलेल्या डॉक्टरांनाही जड जातं. उपाय मात्र दोन टोकांचे: एकात बाळंतपण उरकावं लागतं, दुसऱ्यात औषध वाढवून वेळ मिळवता येतो. म्हणून आजचे साधे आकडे जपून ठेवायचे, उद्या तेच ताडायला लागणार.

"हे बाळंतपण सुखरूप होतं का हो?" धाकटी विचारते. तिने हा प्रश्न आजवर मला विचारलेला नाही.

मॅडम पेन खाली ठेवतात. अमेरिका-कॅनडात ३८५ गरोदर ल्युपसग्रस्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचं सांगतात, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या. ज्यांचा आजार शांत, किंवा सौम्य-मध्यम पण स्थिर होता अशाच बायका त्यात होत्या, आणि त्यातल्या ८१ टक्के जणींना मोठी गुंतागुंत झाली नाही. "तुम्ही आजार शांत करून आलात. अर्धं काम तुम्ही आधीच केलंय."

आम्ही खालच्या मेडिकलमध्ये उभ्या आहोत. एचसीक्यूएस, म्हणजे तीच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मग इकोस्प्रिन, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम. धाकटी स्ट्रिपवरची तारीख तपासते आणि दोन महिन्यांचं घेते. ही सवय तिला मार्च २०२० पासून लागलीय. तेव्हा आयसीएमआरने करोनापासून बचावासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच सुचवलं, आणि गरज नसलेल्यांनीही दुकानांपुढे रांगा लावल्या. ज्यांचं आयुष्य त्या गोळीवर चाललेलं, ते रुग्ण दुकानादुकानांतून रिकाम्या हाताने परतत होते. तिला आजार कळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मायलेकी पायरीवर भेटतात. लेकीला दाखल करून घेताहेत, स्टेरॉइडचा डोस वाढवणार आहेत. आई मला विचारते, "त्या गोळ्या परत सुरू केल्यात डॉक्टरांनी. आता नाही ना थांबवायच्या?"

"नाही मावशी. बाळंत झाल्यावरसुद्धा नाही, तेव्हा तर आजार उसळायची भीती जास्त असते. डॉक्टर म्हणतील तेव्हाच."

ती मान हलवते आणि लेकीला, "ऐकलंस का," म्हणते, जणू ते मी लेकीला सांगितलं.

त्यांच्याकडे बघताना मला आठवतं, पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली होती. कुणी दारात येऊन विचारल्याशिवाय आपल्या बायका दुखणं सांगत नाहीत. बाईचे हातपाय दुखायचेच, हे त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्या स्वतःच ते म्हणू लागतात. धाकटीनेही लग्नाआधी दीड वर्ष तसंच काढलं होतं.

रिक्षात बसतो तेवढ्यात सासूबाईंचा फोन. घरी घट मांडलाय, त्यांचा उपास आहे. धाकटीला त्यांनी धरू दिलेला नाही, गोळ्या रिकाम्या पोटी नको म्हणून. "किती आला पीआर?" त्या विचारतात. त्यांना तो शब्द आता सरावाचा झालाय.

"एकशे बावीस, आई."

"मग डोहाळजेवणाची तारीख धरू का? गच्चीवर करायचं म्हणते मी."

धाकटी फोन माझ्या हातातून घेते. "करू आई. पण ऊन उतरल्यावर, सहाच्या पुढे. आणि मला भरजरी नको, बोटांना टोचतं."

"सहाला करू," सासूबाई म्हणतात, आणि मागे कुणाला तरी ओरडून सांगतात, की मंडपवाल्याला फोन लाव.